हेडलाइटचा बल्ब आणि माझ्या हातातला पाना

मंडळी, एक कबुली द्यायची आहे.

सकाळी दारातच गाडीच्या हेडलाइटचा बल्ब बदलत होतो. मदतीला धाकटा भाऊ. "काचेला बोट लावू नको, तेलकट डाग पडला की तापून फुटतो," असं त्याला दहादा बजावलं. त्यानं बल्ब बसवला, मी दिवा लावला आणि पाच मिनिटांत बल्ब फाडकन फुटला.

माझं डोकंच फिरलं. त्याच्या सणसणीत कानाखाली वाजवली. त्यानं माझी गचांडी धरली. मी पाना उगारला, तेवढ्यात बायको मध्ये पडली.

ओठाचं रक्त पुसत तो म्हणाला, "बोट लावलंच न्हाय, दादा. तू दिलेल्या फडक्यानंच धरला की!"

फडकं बघितलं. आमच्या टॉवेल कारखान्यातलं, मागाच्या तेलानं माखलेलं. तेच तेल काचेला लागलं होतं.

तो न जेवताच गेलाय. फोन उचलत नाही.

खरं सांगा, बायको मध्ये पडली नसती तर मी थांबलो असतो का? मला उत्तर माहीत आहे.