डोक्यावर टांगलेली खाडी

जनार्दनदादा गेल्याचं त्यांच्या मुलीने फोनवर सांगितलं, तेव्हा मी नेरूळच्या बाजारात कोथिंबीर निवडत होते. "बाबा गेले सकाळी. झोपेतच…" एवढंच ती बोलू शकली. मला रडू आलं नाही, राग आला. तीन आठवडे झाले, अजून उतरलेला नाही.

आमच्या नाट्यमंडळाने एका गमतीदार कादंबरीचं नाटक करायला घेतलं होतं. दिग्दर्शन माझं. गोष्टीतलं गाव एका सकाळी उठतं, तर खाडी थेट आभाळात गेलेली. मग लोक कौलांवर उभे राहून वरच्या दिशेने गळ टाकतात. पण रंगमंचावर खाडी टांगायची कशी? आमचे नेपथ्यकार जनार्दनदादा खाडीकाठच्या सारसोळे गावचे कोळी. दुसऱ्या दिवशी ते वडिलांचं मासेमारीचं जुनं सुती जाळं खांद्यावर टाकून आले, छताला उलटं बांधलं आणि वरून दिवा सोडला. अख्ख्या सभागृहावर पाण्याच्या सावल्या हलायला लागल्या. नट आपले संवाद विसरून वर बघत राहिले.

"बापाचं जालं हाय, ताई," दादा म्हणाले. "पानी कसं हलतं, त्याला ठाव हाय."

निर्मात्यांनी मात्र नाकाला रुमाल लावला. "वास येतोय, काका. आपला ऑडियन्स सोसायट्यांमधला. नायलॉनचं नवीन आणा ना, टेन्शन कशाला?" खाडीवर भराव घालून ज्यांच्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांना खाडीचाच वास सोसेना! दादांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी काय बोलले? "दादा, एकदा धुऊन बघू या का…"

त्यांनी धुतलं. अंगणात बसून, साबणाच्या पाण्यात, तीन तीनदा. तरी निर्मात्यांना वास येतच होता. शेवटी प्रयोगाला छापील आभाळाचा पडदा लागला. दादांनी जाळ्याची घडी माझ्या हातात दिली. "तुमच्याकडंच ठेवा, ताई. घरात बापाचा फोटू हाय. त्याच्यापुढून परत कसं नेऊ?"

शोकसभेत तेच निर्माते गहिवरून म्हणाले, "मातीशी नाळ जोडलेला कलावंत!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उठून सगळं सांगायला हवं होतं. पण सांगणार कोणत्या तोंडाने? निर्मात्यांवर चिडणं सोपं आहे हो, धुवायला सांगितलं होतं ते मी.

जाळं अजून माझ्या गॅलरीत आहे. परवा घडी उलगडून त्यात नाक खुपसलं. खाडी शोधली, दादांना शोधलं… नुसता साबणाचा वास आला.