लॉरेटाचं उघडं बोट

सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी लॉरेटा पचोल्स्की चौथ्या मजल्यावर दिवसातला तिसरा हात तपासत होती.

अमेरिकेतल्या टोलेडो शहराच्या त्या रुग्णालयात १९९६ साली सहा नर्सांची एक वेगळी तुकडी होती. शीर शोधायची, सलाइन लावायचं, पट्टी बदलायची, एवढंच तिचं काम. लॉरेटा त्यात एकोणीस वर्षं होती. इतरांनी हात टेकले की तिला बोलावत. रबरी हातमोज्याच्या तर्जनीचं टोक ती फाडून टाकी आणि उघड्या बोटानं शीर चाचपी. नियमात ते बसत नव्हतं, पण तिला शिकवणारीही तेच करत आली होती.

तीन आठवड्यांत या मजल्यावर दोघांना सलाइनच्या जागी जंतू शिरून ताप चढला होता. त्यातला एक गेला. आज तिसरा, ऑर्व्हिल स्टेगमन. काच कारखान्यातला निवृत्त कामगार, कॅन्सरच्या औषधांनी शिरा जळालेला. पट्टीखालून लाल रेघ कोपराकडे निघाली होती. पट्टीवर तारीख आणि लावणारीची आद्याक्षरं होती, तिचीच.

सहकारी बर्नडीन दारात उभी होती. जुन्या नोंदी तिनं कालच काढल्या होत्या. हळूच म्हणाली, "त्या दोघांनाही तूच लावलं होतंस, लॉरेटा."

लॉरेटा ऑर्व्हिलच्या हाताकडे वळली. तिनं जुनी नळी काढली, हात धुतले, नवे हातमोजे चढवले. जंतूंवरचं औषध तासाभरात शिरेत जायला हवं होतं आणि दुसऱ्या, डाव्या हातावर धड शीर एखादीच उरली होती. पहिली सुई चुकली. दुसरीच्या वेळी शीर निसटली. रबरातून तिला सगळं सारखंच लागत होतं.

"बोट मोकळं कर की, बाई," ऑर्व्हिल कण्हत म्हणाला. "आजच कसलं सोवळं?"

सवयीनं तिनं तर्जनीवरचं रबर चिमटीत धरलंही. मग सोडलं.

"तेच बोट तुम्हाला बाधलंय, ऑर्व्हिल. बहुतेक."

त्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

दोनदा चुकलं की दुसरीला पुढे करायचं, हा तुकडीचा दंडक. लॉरेटावर ती वेळ कधी आली नव्हती. ती बाजूला झाली. बर्नडीननं गरम टॉवेल गुंडाळला, वेळ घेतला आणि शीर धरली.

लॉरेटानं मुख्य नर्सला सगळं सांगितलं, फाडलेल्या मोज्यासकट. त्या आठवड्यात तिनं या मजल्यावर आणखी तेरा जणांना सलाइन लावलं होतं. दुपारपर्यंत तेराही पट्ट्या उघडल्या गेल्या. अकरा हात स्वच्छ निघाले. दोघांची कातडी सुईभोवती गुलाबी झाली होती.

ऑर्व्हिलसह तिघांचं रक्त, त्यात जंतू आहेत का ते तपासायला गेलं आहे. पहिला अहवाल उद्या सकाळी दहाला येईल.