खिंडीची वाट मीच दाखवली

पोलीस भरतीसाठी मी धावायला लागलो आणि उंचीत बसलो नाही म्हणून घरी आलो. धावण्यात मी पुढच्या चार-पाच जणांत होतो, पण उंचीला काही औषध नाही. भरतीचा नाद सुटला, धावण्याचा राहिला. पुढे मिनीडोर रिक्षा घेतली, रेवस ते अलिबाग पॅसेंजर भरू लागलो, लग्न झालं, पोरं झाली, तरी उजाडायच्या सुमारास पाय आपोआप डोंगराकडे वळायचे. गावात हसायचे. आमच्याकडे माणूस पळतो तो एसटी चुकेल म्हणून, नाहीतर कुत्रं मागं लागलं म्हणून.

गाव डोंगराला टेकून आहे. माझ्या वाटा तीन होत्या. एक भातशेतांच्या बांधावरून तळ्यापर्यंत. दुसरी डोंगराच्या पायथ्याने, जांभळीच्या रानातून. आणि तिसरी खिंडीची. ती चढाला छाती फोडायची, पण वर पोचलं की समोर सगळा समुद्र. डावीकडे थळच्या कारखान्याच्या चिमण्या, पाण्यात खांदेरी-उंदेरी, उजवीकडे रेवसची खाडी, आणि हवा निवळ असेल तर पार मुंबईच्या इमारती. खिंडीपलीकडे ठाकरांची वाडी. तिथल्या बायका लाकूडफाटा, करवंदं, रानभाज्या घेऊन त्याच वाटेने खाली यायच्या आणि माझ्या गाडीत बसून बाजाराला जायच्या.

त्यातल्या एका म्हातारीला मी लहानपणापासून ओळखत होतो. माझी आई तिच्याकडून शेवळाची भाजी घ्यायची. डोक्यावर पाटी, हात मोकळे सोडलेले, आणि उतारावर पाय असा टाकायची की खडासुद्धा हलायचा नाही. मी धापा टाकत वर येताना दिसलो की विचारायची, "कोन लागलाय रं तुझ्या मागं?"

"कोण नाही मावशी, असाच पळतो."

"असाच कोन पलतो का? घरात भांडान झाला असंल."

पाच-सहा वर्षांपूर्वी किहीमच्या एका कॉटेजमध्ये मुंबईचे एक साहेब यायला लागले. गाडीसकट बोटीने मांडव्याला उतरायचे. माणूस माझ्याच वयाचा, सडपातळ, स्वच्छ मराठी बोलणारा. एका सकाळी तळ्याच्या बांधावर आमची गाठ पडली आणि आम्ही न बोलता दोन-अडीच किलोमीटर बरोबर धावलो. शेवटी ते म्हणाले, "तुम्ही फार सुंदर धावता." आजवर मला असं कुणी म्हटलं नव्हतं. दुसऱ्या रविवारी मी त्यांना खिंडीत घेऊन गेलो.

वर पोचल्यावर ते समुद्राकडे बघत उभे राहिले. मग हातातल्या घड्याळाकडे बघून म्हणाले, "वाट नोंदली गेली. आता ही नकाशावर येईल." मला आनंद झाला. आमची वाट नकाशावर, याहून मोठं काय असणार?

नंतर त्यांचे मित्र आले, मित्रांचे मित्र आले. सुट्टीच्या दिवशी रंगीत कपड्यांतली दहा-पंधरा माणसं माझ्या मागून चढायची. साहेबांनी मला चांगले बूट आणून दिले. ते मला 'तू' म्हणायला लागले. मी त्यांना 'तुम्ही' म्हणत राहिलो, पण आमची मैत्री आहे असं मी मानत होतो. अजूनही ती नव्हतीच असं म्हणवत नाही.

दुसऱ्या वर्षी त्यांनी विचारलं, खिंडीतली ही जागा कुणाची?

जागा आमचीच होती. मोठा भाऊ आणि मी, दोघांच्या नावावर उताराची वरकस जमीन. वडील असेपर्यंत तिथं नाचणी व्हायची, नंतर नुसतं गवत. भाऊ लगेच तयार झाला. "काय उगवतं तिथं? दगड. आणि घेणारा माणूस तुझ्या ओळखीचा. उगाच कुठल्या दलालाच्या नादाला लागण्यापेक्षा बरं." माझ्या सहीशिवाय व्यवहार होणार नव्हता.

बायको म्हणाली, "वाट लिहून घ्या. वाडीतल्या बायका जातात."

मी साहेबांशी बोललो. ते म्हणाले, "अर्थातच. वाट कशाला अडवीन मी? वाटेसाठीच तर जागा घेतोय." आता याउपर कागद कसा मागायचा? त्यांच्याच बुटांत उभा होतो मी. सही केली.

पहिलं वर्ष काही झालं नाही. मग बांधकाम सुरू झालं, सामान चोरीला जातं म्हणून तारेचं कुंपण आलं, कुंपणाला गेट आलं, गेटला वॉचमन आणि दोन कुत्री. साहेबांनी मला फोन करून सांगितलं, "वॉचमनला तुझा फोटो पाठवलाय. तू कधीही ये."

"आणि वाडीतली माणसं?"

"अरे, ती किती आणि कोण, कसं कळणार? आत मशिनरी आहे, काही झालं तर जबाबदारी माझी. खालून घळीतून रस्ता आहे ना त्यांना?"

घळ म्हणजे ओढ्याची कोरडी वाट. उन्हाळ्यात माणूस जाईल. पावसात ती शेवाळानं बुळबुळीत होते. हे मला माहीत होतं, मी ते सांगितलंही, पण सांगताना आवाज असा काढला जणू काही मी दुसऱ्याचा निरोप पोचवतोय. आणि दुसऱ्या दिवशी मी त्या गेटातून आत गेलो. वॉचमनने मला सलाम केला. जवळजवळ वर्षभर मी त्या वाटेवर एकटा धावलो. हे लिहायची मला लाज वाटते, पण लिहिलं नाही तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही.

म्हातारी आता घळीतून जायची. माझ्या गाडीत बसायची पूर्वीसारखीच, पण हसणं बंद झालं होतं. एकदा शेजारच्या बाईला सांगत होती, मला ऐकू येईल असं, "पलनाऱ्यांना वाट हाय, वझंवाल्यांना न्हाय."

श्रावणात ती पडली.

मी त्या सकाळी कुंपणाच्या आत होतो. पाऊस नुकताच उघडला होता. खालून हाका ऐकू आल्या म्हणून तारेपाशी गेलो, तर घळीत तिचा मुलगा आणि दोन माणसं. म्हातारी दगडावर आडवी, पाय विचित्र वळलेला, पाटीतली भाजी ओढ्यात पसरलेली. मुलगा वर बघून म्हणाला, "दादा, गेट उघडायला सांगा, आयला आतून नेऊ. गेटापासून रस्ता हाय, गाडी येईल तितपर्यंत."

मी गेटाकडे धावलो. इतक्या जोरात आयुष्यात धावलो नसेन. वॉचमन वाईट माणूस नव्हता, माणगावकडचा, पोटासाठी आलेला. तो म्हणाला, "साहेबांना विचारल्याशिवाय न्हाय उघडता येत. वर कॅमेरा हाय. माझी नोकरी जाईल."

मी साहेबांना फोन लावला. उचलला नाही. परत लावला. सात-आठ वेळा लावला. गेटचं कुलूप माझ्यासमोर होतं, एखादा धोंडा घेऊन दोन घावांत तुटलं असतं. मी फोन लावत राहिलो. का, ते मला आजही सांगता येत नाही. कुणीतरी मोठ्या माणसानं परवानगी द्यावी, मग आपण योग्य ते करावं, अशी सवय अंगात मुरलेली असते.

शेवटी खालून आवाज आला, "ऱ्हाऊ दे दादा. आमी चाललो." त्यांनी बांबूला घोंगडी बांधून झोळी केली होती. मी तारेवरून उडी मारली, हात फाटला, आणि चौथा खांदा दिला. घळ उतरायला तासाहून जास्त लागला. प्रत्येक हिसक्याला म्हातारी दात आवळायची, ओरडली एकदाही नाही. अर्ध्या वाटेत तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तूच आनलास ना त्यांना?"

मी म्हटलं, "व्हय मावशी."



माझ्या गाडीतून तिला अलिबागला नेलं. मांडीचं हाड मोडलं होतं. दुपारी साहेबांचा फोन आला. मीटिंगमध्ये होते. मनापासून वाईट वाटलं त्यांना, आवाजावरून कळत होतं. म्हणाले, "पुन्हा अशी वेळ आली तर लगेच उघडायचं, मी वॉचमनला सांगून ठेवतो." मी म्हटलं, साहेब, वाट कायमची उघडा. ते म्हणाले, "एकदा उघडली की मग ती बंद करता येत नाही रे." बरोबरच होतं ते. वाट म्हणजे तेच असतं.

ग्रामपंचायतीत गेलो. तलाठ्याकडे गेलो. सगळे एकच म्हणाले, कागदावर वाट दाखव. सातबाऱ्यावर वाट नव्हती, जुन्या नकाशात नव्हती. पिढ्यान् पिढ्या पाय पडले एवढाच तिचा पुरावा. मी मोबाइलवरचा धावणाऱ्यांचा नकाशा उघडून दाखवला, त्यात निळ्या रेघेत ती स्पष्ट होती. क्लार्कने बघितलं, "छान आहे," म्हणाला, "पण हे चालत नाही." भाऊ चिडला. "विकलेल्या जागेचं काय घेऊन बसलायस? लोक हसतायत." त्यानंतर आमचं बोलणं कमी झालं ते झालंच.

म्हातारी अंथरुणाला खिळली ती उठली नाही. दिवाळीच्या आधी गेली. बाराव्याला मी वाडीवर गेलो, घळीतून. मुलानं बसायला घोंगडी टाकली, चहा दिला. मी म्हटलं, अर्ज करू, सगळ्यांच्या सह्या घेऊ, मी येतो तुमच्याबरोबर. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "दादा, तुमी मान्सं चांगली. पन आता काय करू नका आमच्यासाठी. आमी जाऊ फिरून." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

मी धावणं सोडलं. ठरवून नाही. एका सकाळी उठलो नाही, मग दुसऱ्या. बायको म्हणते, निदान बांधावरून चालून या, अंग जड झालंय. तळ्याच्या बांधापर्यंत जातो आणि परततो. पलीकडच्या काठाला यंदा कुंपणाचे सिमेंटचे खांब रोवलेत. तिथं मी कुणाला घेऊन गेलो नव्हतो. जायची गरजही नव्हती, त्यांचं त्यांना सापडलं.

परवा रेवसच्या धक्क्यावर एक तरुण जोडपं गाडीत बसलं. पायात धावायचे बूट. पोरगी मोबाइल पुढे करून म्हणाली, "काका, इथं एक व्ह्यू पॉइंटचा रूट दाखवतोय, डोंगरावर. माहितेय तुम्हाला?"

मी म्हटलं, "नाही."

तिनं मोबाइल परत घेतला आणि नकाशा बोटांनी मोठा करून बघू लागली. "काही नाही," ती त्याला म्हणाली, "आपण शोधू." मी गाडी सुरू केली.