तिसऱ्यांदा कोण म्हणेल?

तुम्ही कधी दुसऱ्याच्या तोंडात शब्द घातलाय? आणि तो तिसऱ्याच्याच दारात धोंड्यासारखा पडलेला पाहिलाय?

अकोल्याच्या मुनव्वरनं पाहिला. ऑटोवर भोंगा बांधून गावोगाव पुकारा करणारा हा माणूस. साडीचा सेल असो, सर्कस असो की पुढाऱ्याची सभा, गळा याचाच. धंद्यातला त्याचा एक नियम होता: ओळ तीनदा म्हणायची. पहिल्यांदा लोक मान वर करतात, दुसऱ्यांदा ऐकतात, तिसऱ्यांदा स्वतःच म्हणतात.

दोन हजार सहा साल. शेतकरी जीव देऊन राहिले होते आणि एक पुढारी साहेब मुनव्वरचा भोंगा लावून सभा घेत फिरत होते. त्यांच्या पुस्तकी भाषेपुढं लोक तंबाखू मळत बसायचे. साहेब वैतागले, "मुनव्वर, यांना भिडेल असं काही सांग."

मुनव्वर फुशारला. "लिहून घ्या साहेब. वऱ्हाडचा गडी रडत नाही, लढते!"

पुढच्याच सभेत साहेबांनी ती ओळ म्हटली अन् मंडप टाळ्यांनी दणाणला. साहेबांचं काम झालं. कापसाच्या भावाचं विचारा, तीच ओळ. विजेचं विचारा, तीच ओळ. विचारणाराच रडका ठरायचा. मुनव्वर मात्र मिशीत हसत गावोगाव तीच ओळ तीनतीनदा वाजवत राहिला.

महिनाभरानं तो बाजारात वांगी घ्यायला गेला. बार्शीटाकळीकडून भाजी आणणारी कौशल्या त्याची जुनी ओळखीची. तिच्या नवऱ्यानं, चंद्रभाननं, उन्हाळ्यात विष घेतलं होतं.

"कसे देल्ले वांगे, बाई?"

"हळू बोला, मुनव्वरभाऊ. पोरगी मांगं बसून हाये."

"काहून?"

"तुमचा आवाज आला की करिश्मा कान झाकते. शाळंत पोट्टे म्हनतात, तुहा बाप वऱ्हाडचा नव्हता काय? रडका होता, म्हनून मेला."

पोत्यांआड पोरगी बसली होती. दोन्ही कानांवर हात.

ओळ साहेबांची, असं म्हणून सुटता आलं असतं. जीभ तिकडं वळलीही. पण ते हात पाहिले अन् त्यानं ती आवरली.

"ओळ माही हाये, बाई. मीच देल्ली त्याईले."

कौशल्यानं तराजू खाली ठेवला. रडली नाही, शिवीही दिली नाही. "मंग जिथं टाकली, तिथून उचला."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मुनव्वर तिच्या गावच्या पारावर उभा राहिला. "चंद्रभान रडका नव्हता! ते ओळ माही होती, अन् ते खोटी होती!"

लोकांनी माना वर केल्या. दुसऱ्यांदा म्हणाला, तेव्हा ऐकलं. पारावरचे बुधाजी खेकसले, "काहून बे, साहेबानं पैसे नाही देल्ले काय?" लोक हसले.

तिसऱ्यांदा तो थांबला. कोणी तरी म्हणेल म्हणून भोंगा लोकांकडं वळवला. कोणी म्हणालं नाही. समोरच्या घराच्या दारात करिश्मा उभी होती, हात तसेच कानांवर.

ती 'रडत नाही, लढते'ची ओळ तुमच्या गावातही फिरत असेल. कुण्या विधवेच्या दारात, शाळेच्या पटांगणात कानावर येईल, तेव्हा मान खाली घालून निघून जाऊ नका. तिसरी वेळ अजून बाकी आहे. ते तुम्ही म्हणा, अन् त्या पोरीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणा: चंद्रभान रडका नव्हता.