खिंडीत अडकलेले व्याही

खिंडीच्या तोंडाशी दोन व्याही उभे होते आणि दोघांपैकी एकही पुढे जायला तयार नव्हता.

"व्हा पुढं, व्याही."

"छे, छे. तुमी वराकडचे. आधी तुमी."

"तुमी व्हा हो. आमी येऊनच राहिलो मागं."

वाट एका माणसापुरती. मागे माझा अख्खा ग्रुप खोळंबलेला. मी पीटी टीचर असताना सातवीच्या पोरांनी असं केलं असतं, तर उठाबशा काढायला लावल्या असत्या. व्याह्यांना तसं सांगता येत नाही.

रिटायर झाल्यावर मी कळमनुरीत लोकांना डोंगर फिरवायचं काम सुरू केलं. इसापूर धरणाच्या बॅकवॉटरला लागून टेकड्या आहेत. सह्याद्री चढणारे हसतील, पण दम इथेही लागतो. प्रत्येक ट्रिपला मी तीन ग्रुप करते. सोपा ग्रुप पाण्याच्या काठाकाठाने जातो. मध्यम ग्रुप अर्ध्या टेकडीला वळसा घालतो. अवघड ग्रुप खिंडीतून माथ्यावर जातो आणि पलीकडून उतरतो. जेवायला तिघेही पाण्याकाठी एकाच ठिकाणी. आधी मी स्वतः सगळं चालून येते, त्याला रेकी म्हणतात. रेकीत सगळ्यात महत्त्वाचं काय शोधायचं, तर एस्केप रूट. म्हणजे कुणाला झेपेना झालं, तर मधूनच खाली उतरायची वाट.

ही ट्रिप पल्लवीने ठरवली होती. माझी जुनी विद्यार्थिनी, खोखोत चपळ. माहेर हिंगोली, सासर डोंगरकडा. "मॅडम, लग्नात दोन्ही घरं नुसती मानपानात अडकली होती. एक दिवस सगळे मोकळे हसले पाहिजेत," ती म्हणाली. मग हळूच सांगितलं, "फक्त मामंजींचा गुडघा सांभाळा. डॉक्टरांनी चढउतार बंद सांगितलाय. आता काही झालं तर ऑपरेशनच."

म्हणून तिच्या सासऱ्यांना, भगवानरावांना, मी सोप्या ग्रुपमध्ये घातलं. तिचे वडील दत्तराव एसटीच्या डेपोतून रिटायर झालेले, अंगाने काटक, रोज सकाळी फिरणारे. त्यांना अवघड ग्रुपमध्ये. नावं व्हॉट्सॲपवर टाकली आणि चहा ठेवला. चहाला उकळी यायच्या आत भगवानरावांचा फोन.

"मॅडम, व्याही अवघडात आन् मी सोप्यात? काहून?"

"तुमचा गुडघा..."

"गुडघ्याला काय धाड भरली? उभ्या जन्मात हळदीची पोती उचलली मी. टाका मला अवघडात."

मी टाकलं. खिंडीपर्यंतचा चढ हलका आहे आणि एस्केप रूट नेमका खिंडीतूनच फुटतो. तिथून त्यांना खाली उतरवू, असा माझा बेत.

लगेच दत्तरावांचा फोन. "व्याही अवघडात येऊन राहिले म्हणं. मंग मला सोप्यात टाका. त्यांच्या बराबरीनं चालणं बरं न्हाई दिसत."

काय हा नम्रपणा! मला भरून आलं. म्हटलं, "तुम्ही नसलात तर ते रुसतील. याच तुम्ही." "बरं," म्हणून त्यांनी फोन ठेवला. मला वाटलं, पटलं.

निघायच्या दिवशी पायथ्यालाच पहिली गाडी अडली. आमच्याकडे नारळ फोडल्याशिवाय पाऊल उचलत नाहीत. मी नारळ पुढे केला. भगवानराव म्हणाले, तुमी फोडा. दत्तराव म्हणाले, मान तुमचा. नारळ या हातातून त्या हातात फिरत राहिला. शेवटी मी वैतागून तो न फोडताच सॅकमध्ये कोंबला आणि शिट्टी मारली.

तर आता खिंड. भगवानरावांचा डावा पाय सरळ टेकत नव्हता. चेहरा हसरा, पण कपाळावर घाम. पुढे सगळा सुटा मुरूम. पाय घसरला की गुडघा गेलाच, आणि माथ्यापर्यंत मधे कुठेही उतरायला वाट नाही.

मी सहज आवाजात म्हटलं, "भगवानराव, इथून खाली जाता येतं बरं का."

"व्याही चालले का खाली?"

"नाही."

"मंग मीबी न्हाई."

मागे पल्लवी रडकुंडीला आली होती. सासऱ्यांना त्यांच्या व्याह्यांदेखत गुडघ्याचं सांगितलं, तर ते हट्टाने माथा गाठणार, हे तिला माहीत होतं. मलाही. खरं सांगते, मी घाबरले होते. पाणी प्यावं म्हणून सॅकमध्ये हात घातला आणि हाताला नारळ लागला.

"अरे देवा, नारळ राहिलाच की!" मी मोठ्याने म्हटलं. "आता तो पाण्याकाठी फोडावा लागतो. मोठ्या माणसाच्या हातानं. बाकीचे माथ्यावर जायच्या आत."

असा काही रिवाज नाही. तो तिथेच जन्माला आला.

"मोठा म्हणजे वराकडचा," दत्तराव ताबडतोब म्हणाले. "व्याही, हे तुमचंच काम."

भगवानरावांनी खाली पाण्याकडे पाहिलं, वर मुरमाकडे पाहिलं. "आता मानच हाय म्हटल्यावर न्हाई कसं म्हणावं," असं म्हणून त्यांनी नारळ घेतला. पल्लवीचा हात धरून ते एस्केप रूटने सावकाश उतरले. लंगडत, पण ऐटीत.

मी सुटकेचा श्वास सोडला आणि वळले. दत्तराव दगडावर बसले होते. चेहरा पांढराफटक.

"मॅडम," ते हळूच म्हणाले, "तुमच्या पिशवीत आणखी एखादा नारळ हाय का?"

"म्हणजे?"

"उंचावर माझे पाय कापतेत. लहानपणापासून. म्हणून तर फोन केला होता."

"अहो, तुम्ही रोज फिरता ना?"

"डेपोच्या मैदानात. सपाट असते ते."

माझा सगळा उमाळा जिरला. दुसरा नारळ नव्हता. मी म्हटलं, "व्याह्यांना एकटं पाठवणं बरं दिसतं का?" माणूस तरातरा उतरला.

आम्ही माथा करून पलीकडून खाली आलो, तर भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी झाकून ठेवलेली. सोपा आणि मध्यम ग्रुप भुकेने कावलेले. दोन्ही व्याही पाण्यात पाय सोडून शेजारी शेजारी बसलेले आणि दोघांच्या मधे नारळ, अखंड.

"तुमी फोडा."

"न्हाई, न्हाई. तुमी."

पल्लवी ताडकन उठली, नारळ उचलला आणि दगडावर आपटला. एका घावात दोन भकलं. बायकांनी नारळ फोडायचा नसतो, असं म्हणणारे ते दोघेच तिथे बसले होते. ती एकेक भकल त्यांच्या हातात देऊन म्हणाली, "मामंजी, तुमचा गुडघा दुखतो. आण्णा, तुम्हाला भ्या वाटतं. आज सगळ्यांना दिसलंच आहे. आता जेवा."

आधी भगवानराव हसले. मग दत्तराव. मग इतके हसले की दत्तरावांची चप्पल पाण्यात पडून तरंगत गेली आणि ती काढायला दोघेही एकदमच उठले. कुणी कुणाला "आधी तुमी" म्हटलं नाही.

त्या दिवसापासून माझ्या सॅकमध्ये क्रेप बँडेज, ओआरएसची पाकिटं आणि दोन नारळ असतात. ग्रुपमध्ये व्याही असतील तर तीन.