खाणीवरची बाळगोळी

नोकरीत शेकडो पंचनामे लिहिले, बहुतेक विसरलो. लोधिवलीजवळच्या खडीच्या खाणीवरचा एक मात्र शब्दन् शब्द आठवतो. संबंधितांची नातवंडे त्याच भागात आहेत, म्हणून नावे देत नाही.

मी तेव्हा खालापूर ठाण्याला फौजदार होतो. स्वातंत्र्य नुकतेच मिळाले होते. दारूबंदीच्या धोरणात तालुक्यातले अफूचे परवान्याचे दुकानही बंद झाले होते. सकाळची हजेरी आटोपून रोजनामचा पाहत होतो, तेवढ्यात एका गावचे पोलीस पाटील आले.

"साहेब, खाणीवर सात महिन्यांची पोर मेली. परस्पर पुरली. लोक म्हणतात, बाळगोळीनं गेली."

बाळगोळी म्हणजे अफूची बारीक गोळी. कामावर जाणाऱ्या बाया ती दुधात उगाळून तान्ह्या मुलांना देत. मूल दिवसभर पडून राही.

मामलेदारांसमक्ष प्रेत उकरून काढले, पंचनामा केला, व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, मुंबईला तपासणीसाठी पाठवला. मुलीच्या आईला जबाबासाठी ठाण्यात आणले. वीस-बावीस वर्षांची शेतकरी घरातली बाई. भातकापणी उरकली की खडी फोडायला येणारी.

"मीच दिली, साहेब. मला आत घाला."

"किती दिलीस?"

"नेहमीएवढीच. मुगाएवढी. दुकानाची असायची तवा बी तेवढीच द्यायचे."

"दुकान बंद आहे. मग ही कुठून आणलीस?"

"मीच दिली," एवढेच ती पुन्हा म्हणाली. खाणीवरच्या बायांनीही कुणाचे नाव सांगितले नाही. दरडावले, समजावले, उपयोग झाला नाही. वरून निरोप आला की आईने कबुली दिली आहे, तिच्यावरच खटला भरून प्रकरण संपवा. तपास अपुरा आहे, असे मी लेखी कळवले. वरिष्ठांना ते आवडले नाही. पण गोळी देणारा मोकळा ठेवून त्या बाईला कोर्टात उभी करायची माझी तयारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यांत खाणीवर जाऊन बसलो. करंजाच्या सावलीत गोधड्यांवर नऊ तान्ही मुले ओळीने निजवली होती. भोवती घणांचा आवाज चाललेला, आणि एकही मूल रडत नव्हते. एकाच्या डोळ्यांवर माशा बसत होत्या, तरी पापणी हलत नव्हती.

पाणी प्यायला आलेल्या एका वयस्क बाईला विचारले, "घरी पण देता का गोळी?"

"घरी कशापायी? घरी सासू हाय, नणंद हाय, कोन बी उचलतं. हितं कोन उचलील रं बाबा?"

"मग देणारा गोळीचे काय घेतो?"

"काय बी नाय घेत," ती बोलून गेली आणि घाईने कामाला लागली.

फुकट वाटणारा माणूस आढळला की त्याचा फायदा दुसरीकडे कुठे आहे, ते पोलिसाने शोधावे. इथे शोधायला लांब जावे लागले नाही. मूल रडले की आई पाजायला बसणार, घण थांबणार. घण थांबल्याचा जाब ठेकेदाराकडे एकाच माणसाला द्यावा लागत होता, मुकादमाला. पंच घेऊन त्याच्या खोपटाची झडती घेतली. तांदळाच्या डब्यात गोळ्यांची पुरचुंडी निघाली.

"काल-परवापर्यंत सरकारच इकत व्हतं," मुकादम म्हणाला. "मी दिली तर गुन्हा कसा?"

"सरकारी मालाची ताकद बायांना माहीत होती. हा चोरटा माल किती कडक आहे, तुला माहीत होतं?"

"नाय."

"कुणाला विचारलंस?"

पुरचुंडीतल्या काही गोळ्याही मी मुंबईला पाठवल्या. पुढे मुंबईचा अहवाल आला. त्या गोळ्या दुकानातल्या मालापेक्षा कितीतरी कडक होत्या. आईने माप बदलले नव्हते.

पुरचुंडी समोर ठेवल्यावर ती बोलली. "त्यानं बजावलं व्हतं, नाव घेतलंस तर गावातली एक बी बाई कामावर ठेवनार नाय." चार घरांच्या चुलीसाठी ती स्वतःवर आळ घ्यायला निघाली होती. तिला मी साक्षीदार केले. मुकादमाला शिक्षा झाली.

प्रकरण तिथे संपायला हवे होते. पण मुकादमाला अटक झाल्यावर आठवड्यातच चार बाया कडेवर मुले घेऊन ठाण्यात आल्या होत्या.

"गोळी बंद केलीत, बरं झालं साहेब. पर नवा मुकादम म्हनतो, पोरवाल्या बाया नकोत. आमी काय करावं?"

यासाठी माझ्याकडे कोणते कलम नव्हते. तरी ठेकेदाराकडे तीनदा गेलो, तिसऱ्यांदा मामलेदारांना घेऊन. अखेर त्याने एक गवती मांडव घातला आणि मुले सांभाळायला दोन बाया खडीच्याच मजुरीवर ठेवायचे कबूल केले. त्यांत ही आईही आली.

"हिच्या हातून पोर गेलं," ठेकेदार म्हणाला. "हिला कशी ठेवू?"

"म्हनूनच ठेवा," ती म्हणाली. "झोप कंची आन गुंगी कंची, ते मला वळखता येतं."

ठेकेदाराने तिचे नाव हजेरीपटावर चढवले.

नशेचे दुकान उघडे ठेवावे की बंद, यावर आजही जोरात वाद चालतात. दुकान उघडे होते तेव्हा ती मुले गुंगीत जगत होती. ते बंद झाले आणि एक मूल दगावले. मूल कोण धरणार, हे दोन्ही वेळी कुणी विचारले नव्हते. त्या केसनंतर नशेच्या गुन्ह्यात जबाब घेताना मी एक प्रश्न नेहमी वाढवत असे: तुझ्या घरी कोण कोण आहे? वरिष्ठ त्यावर तांबड्या शाईने रेघ ओढत. मी तो विचारायचे सोडले नाही.