आगाऊ स्वल्पविराम

एकोणिसाव्या वर्षी माझ्याइतकी शहाणी मुलगी सगळ्या साताऱ्यात नव्हती, असं माझं ठाम मत होतं. इतर कुणाचं तसं मत असल्याचं आठवत नाही.

साल त्र्याहत्तर असेल, नाहीतर चौऱ्याहत्तर. माण तालुक्यातल्या आमच्या गावाहून मी आत्याकडे राहायला आले होते आणि एका छापखान्यात खिळे जुळवायला लागले होते. शिशाचं एकेक अक्षर खणातून उचलायचं, उलटं वाचत ओळीत लावायचं, असं ते काम. आत्याच्या यजमानांनी शब्द टाकून मला तिथं चिकटवलं होतं. वडिलांनी त्यांना बजावलं होतं, "एक तक्रार आली, की पहिल्या गाडीनं गावाकडं धाडा. स्थळ बघून ठेवलंय." स्थळ वाईट नव्हतं. पण मला साताऱ्यात राहायचं होतं. स्वतःच्या पगाराची आणि स्वतःच्या मताची चटक लागली होती.

सहामाही परीक्षेचे दिवस. सांगलीकडच्या एका शाळेची मराठीची प्रश्नपत्रिका आमच्याकडे छापायला आली होती. हेडसरांनी स्वतः लिहिलेला कागद, आणि त्याबरोबर तीनशे कोरे कागद मोजून दिलेले. प्रश्न बाहेर फुटायला नकोत म्हणून एकही कागद जास्तीचा नव्हता. छापून झाल्यावर तीनशे परत मोजून द्यायचे.

जुळणी माझ्याकडे होती. चौथा प्रश्न असा: 'खालील वाक्यांत योग्य ठिकाणी स्वल्पविराम द्या.' ही ओळ मी जेवणाआधी लावली. जेवून आल्यावर त्याखालची दहा वाक्यं घेतली, आणि माझं डोकंच फिरलं. 'पाऊस थांबला तेव्हा आम्ही निघालो.' 'जो वेळेवर येईल त्याला जागा मिळेल.' मुख्य वाक्य कुठलं, त्याला लोंबकळणारं कुठलं, मध्ये श्वास घ्यायला जागाच नाही. हेडसर झाले म्हणून काय झालं, घाईत राहिलं असेल, म्हटलं. आपण आहोत ना. मी दहाच्या दहा वाक्यांत स्वल्पविराम बसवले. जुळणी करताना अर्थाकडे लक्ष राहत नाही, ही सबब मी पुढं अनेकांना सांगितली. खरं कारण एवढंच, की माझ्या हुशारीपुढं मला दुसरं काही दिसत नव्हतं.

मालकांनी संध्याकाळी प्रूफ वाचलं. शुद्धलेखनाची एकही चूक नाही म्हणून मला शाबासकी दिली. मी ती घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला तीनशे कागद छापून झाले होते. आमचे मशीनवाले मामा चौथी शिकलेले, पायानं मशीन हाणायचे आणि सहसा काही वाचायचे नाहीत. त्या दिवशी शाई वाळलीय का बघताना त्यांनी एक कागद डोळ्यांजवळ धरला.

"ए बाय, हितं 'स्वल्पविराम द्या' म्हणतंय न्हवं?"

"हो."

"मग तू समदं दिऊन बसलीयास की. पोरांनी काय द्यायचं?"

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दहाला मालक येणार होते. अकराच्या गाडीनं हेडसर प्रश्नपत्रिका न्यायला येणार होते. पेपर दुसऱ्या दिवशी होता.

आधी मी ब्लेड काढलं. एक स्वल्पविराम हलक्या हातानं खरवडला. तिथं कागदाला पांढरी, लवदार खूण उठली. मामांनी ती उजेडात धरली.

"आता तर आंदळ्यालाबी कळंल, हितंच द्यायचा म्हून."

"मामा, काहीतरी सांगा ना."

"रडू नगंस. कागुद भिजत्याल."

मग मी जे केलं, ते आजही नातीला सांगत नाही. हेडसरांचा लिहिलेला कागद पुढं ओढला आणि पेन उघडलं. त्यांच्याच कागदावर स्वल्पविराम असते, तर माझी चूक कुठली? मी फक्त पाहून लावलं. शेपटीचा एक ठिपका, तो दहा वेळा. पहिल्या वाक्यात एक दिला. तो वाळेपर्यंत थांबले, आणि बघते तर सरांची शाई काळी, माझी निळीशार. पेन बदलायचं मला आधी सुचलं नव्हतं. चोरी करायलाही थोडं डोकं लागतं, ते सगळं मी आदल्या दिवशी खर्च केलं होतं.

तेवढ्यात मालक आत आले. मामांनी छापलेला कागद त्यांच्या हातात दिला. मालकांनी चौथा प्रश्न दोनदा वाचला आणि खुर्चीत बसले.

"हे कुणी केलं?"

"सरांच्या कागदावर होते," मी म्हणाले.

त्यांनी तो कागद मागितला. पहिलं वाक्य पाहिलं, मग खालची नऊ पाहिली.

"आणि बाकीचे नऊ?"

मी उघडं पेन पाठीमागं लपवलं.

"मामा, तुम्ही बघितलंत?"

"म्या मशीन मारत हुतो," मामा म्हणाले. "पर पोरगी आता खरं सांगंल. व्हय का न्हाई गं?"

मी सांगितलं. ठिपक्यासकट सगळं. मालक ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, "प्रूफ मी वाचलंय, तेव्हा तोंड मला दाखवायचंय. पण सरांना तू सांगशील."

अकराच्या गाडीनं सर आले, धोतर-कोट घातलेले, हातात कापडी पिशवी. मी उभ्यानंच सांगितलं. त्यांनी चष्मा लावून कागद वाचला. त्यांचं बोट एकेका वाक्यावरून खाली सरकत गेलं.

"सातवं वाक्य," ते अखेर म्हणाले. "'आजी अंगणात बसून तांदूळ निवडत होती.' इथं 'बसून'नंतर तू का दिलास?"

"विराम... म्हणजे श्वास..."

"इथं काहीच द्यायचं नाही. पोरं सरसकट देत सुटतात, म्हणून मुद्दाम घातलं होतं. तूसुद्धा सुटलीस."

मामा मशीनमागं तोंड लपवून हसले. मला जमिनीत जावंसं वाटलं, पण त्याच क्षणी एक सुचलं, आणि भीतीनं ते तोंडातून बाहेरही पडलं.

"सर, एक चुकीचा आहेच. आणखी चुकीचे छापले तर? आणि प्रश्न बदलायचा. चुकीचे स्वल्पविराम खोडा, असा."

सरांनी मालकांकडे पाहिलं, मालकांनी घड्याळाकडे. परतीची गाडी एकला होती. सरांनी पिशवीतून तांबडी पेन्सिल काढली आणि वाक्यांत नको तिथं खुणा करायला लागले. 'पाऊस' आणि 'थांबला' यांच्यामध्ये. 'वेळेवर' आणि 'येईल' यांच्यामध्ये. मी खिळे उचलत होते. चौकटीत सगळे कोरे, नुसती जागा धरणारे खिळे, मध्ये मध्ये नुसते स्वल्पविराम, आणि जुन्या सूचनेवर छापायला एक जाड काळी पट्टी. पट्टीच्या वर, मोकळ्या जागेत, नवी सूचना.

ते छापलेल्या ओळींवर नेमकं बसायला हवं होतं. केसाएवढं सरकलं, की स्वल्पविराम अक्षरावर चढणार, आणि बदली कागद नाही. मामांनी मी ब्लेडनं खरवडलेलाच कागद आधी घेतला, दोनदा सरकवला, एकदा थुंकी लावून कोपरा दाबला आणि मशीन मारलं. चौघंही वाकलो. बसलं होतं.

पावणेएकला तीनशे मोजून झाले. सरांनी गठ्ठा बांधला, खरवडलेला कागद वेगळा काढून स्वतःच्या कोटाच्या खिशात ठेवला. तो कशासाठी, हे विचारायची माझी छाती नव्हती.

"पुढची प्रश्नपत्रिका हिच्याकडे देऊ नका," ते मालकांना म्हणाले.

"म्हणजे तक्रार समजायची?" मालकांनी विचारलं. 

"तक्रार लिहून द्यायची असते. मला गाडी गाठायचीय." आणि ते गेले.

मालक त्यांना दारापर्यंत सोडायला गेले. मी टेबलावरची माझी डब्याची पिशवी उचलली होती. ते वळले.

"कुठं निघालीस? तो फर्मा कोण सोडवणार?"

मी पिशवी ठेवली आणि फर्म्यात बांधलेले खिळे सोडवून खणांत परत टाकायला बसले. लक्ष थाऱ्यावर नव्हतं, निम्मे स्वल्पविराम पूर्णविरामांच्या खणात गेले. मामा संध्याकाळपर्यंत ते वेचत बसले, आणि दर चार-पाच खिळ्यांमागं माझ्याकडे बघून एक सुस्कारा सोडत होते.